माझं पिवळं पत्रक आणि बहिणीचे केस

तुमचे केस कशाने गळतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं? नीट आठवा. डॉक्टरने, शेजारणीने, की कोणीच सांगितलं नाही आणि तुमचं तुम्हीच ठरवलं?

आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोंदियाहून कामठ्याकडे जाताना रस्त्यालगत आमचं गाव लागतं. धानाच्या बांध्या, एक शाळा, एक पाण्याची टाकी. नळ किती वाजता येईल हे आमच्याकडे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावरचे केस का गळतात, हे मात्र चौथीतली पोरसुद्धा सांगते.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या धाकट्या बहिणीचे केस गळायला लागले. तिची वेणी मनगटाएवढी जाड होती. पंधरा दिवसांत ती बोटावर आली. उशीवर केस, चादरीवर केस, भाजीत केस. ती पोलीस भरतीची तयारी करत होती आणि घरात ठरलेलं होतं की हे शेवटचं वर्ष. या वर्षी मैदान निघालं नाही तर स्थळं बघायची. मैदान म्हणजे आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक. माघात तारीख येईल असा अंदाज होता. केस गेले म्हणून कोणी भरतीत नापास होत नाही, हे तिलाही कळत होतं. पण ती पहाटेच्या सरावाला टोपी कानापर्यंत ओढून जायला लागली, मग बाकीच्या पोरींपासून लांब धावायला लागली आणि एका सकाळी गेलीच नाही. आरशासमोर भांग पाडत बसली होती. भांग पाडायचा नव्हता, लपवायचा होता.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात रोज दवाखाना भरू लागला. डॉक्टर सगळे, पेशंट एकच.

"पहाटंच्या दवात धावून रायली नं ते," काकू म्हणाली, "दव डोक्यात मुरते. मंग मुळं सडतात."

"दवानं नाई व माय, टोपीनं," शेजारीण म्हणाली. "केसाले हवा नाई भेटत. गुदमरून मरतात."

"मी दिवसभर पदर घेतो डोक्यावर," काकू म्हणाली, "माये काऊन नाई मेले?"

"पदर सुती असते."

समोरच्या आजीला वेगळीच शंका होती. पोरगी मोकळ्या केसांनी चिंचेखालून गेली असणार आणि चिंचेवरच्या हडळीने धरलं असणार. बहिणीने सांगितलं, आजी, मी चिंचेखालून जातच नाही, आपल्या गावातली चिंच रस्ता रुंद करताना तोडली. आजी विचारात पडली आणि म्हणाली, "मंग तं तेच. तिले राहाले जागा नाई, आता तुह्या डोक्यात आली."

मामा आला. मामाच्या डोक्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून एक झालर तेवढी उरलेली आहे. त्याने बहिणीची वेणी हातात धरून पाहिली आणि आईला धीर दिला, "बाई, हे आपल्याकडलं नाई. हे पोरीच्या बापाकडून आलं." बाबा तिथेच खाटेवर बसले होते. बाबांच्या डोक्यावर साठीतही कंगवा अडकतो. त्यांनी मामाच्या डोक्याकडे शांतपणे पाहिलं आणि पेपर पुन्हा उघडला.

बहिणीने केस धुतले की ते धुतल्याने गळत. नाही धुतले की न धुतल्याने. तेल लावलं की तेलाच्या ओझ्याने गळत आणि सोडलं की कोरडे पडून गळत. एकीने सांगितलं, पुरं मुंडन कर, दुप्पट दाट येतात. शेजारच्या गुरुजींचा दाखला दिला गेला. गुरुजी दर उन्हाळ्यात मुंडन करतात. दर पावसाळ्यात तेवढेच येतात, किंबहुना थोडे कमीच. दाखला देणारीने त्यांना बहुतेक उन्हाळ्यातच पाहिलं असावं.

या सगळ्यात मी काय करत होते? मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते.

बाबा गोंदियातल्या एका छापखान्यात कामाला होते. छपाईत वाया गेलेले कागद ते घरी आणत आणि आई त्यांची आमच्या वह्यांना कव्हरं घाली. माझ्या इतिहासाच्या वहीवर मूळव्याधीचा हमखास इलाज होता, भूगोलाच्या वहीवर विडी कामगारांच्या मोर्च्याची हाक. गणिताच्या वहीवर भोंदू बाबांना दिलेलं आव्हान होतं, चमत्कार सिद्ध करा नाहीतर गाव सोडा. मी वाचायला शिकले ती या हाकांवरूनच. बाकीच्या मुलांना आधी पूर्णविराम कळला, मला उद्गारचिन्ह. सतराव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक काढलं, मंडपातल्या कर्कश आवाजाविरुद्ध. मग हुंड्याविरुद्ध, मग अंगात येणाऱ्यांविरुद्ध, मग रुग्णवाहिकेच्या मागणीसाठी. सगळी पत्रकं खरी होती. सगळ्यांत लोकांनी भजी खाल्ली.

आता माझ्याच घरात अज्ञान मांडी घालून चहा पीत होतं. मी कंबर कसली.

पहिली लढाई कामठ्याच्या बाजारात झाली. तिथे एक तेलवाला बसतो. पुढ्यात बाटल्या, बाटल्यांत मुळ्या, मागे कापडावर गुडघ्यापर्यंत केस असलेल्या बाईचं चित्र. आई बहिणीला घेऊन त्याच्यासमोर बसली होती.

"जड़ कमजोर है, बहनजी," तो म्हणाला. "इक्कीस जड़ी-बूटी है इसमें. तीन हफ्ते में नया बाल."

"भैया," मी म्हटलं, "जरा टोपी निकालो."

"धूप है, दीदी."

"आप तो छप्पर में बैठे हो."

त्याने टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. बघे हसले. मला वाटलं, जिंकले. मागे वळून पाहते तर आईच्या पिशवीत बाटली गेलेली.

"आई! त्याच्याच डोक्यावर केस नाहीत."

"तं का झालं? तो विकून रायला, लावून थोडी रायला."

या उत्तरावर माझ्याकडे आजही पत्रक नाही.

आता माझ्याबद्दल. दव, टोपी, चिंच, तेल, वडिलांकडचं रक्त, हे सगळं मी एका दमात उडवून लावलं आणि रिकाम्या झालेल्या जागेत माझं स्वतःचं कारण आणून बसवलं. ते मला इतकं आवडलं की त्याला मी कारण म्हणायचे नाही, पुरावा म्हणायचे.

श्रावणात, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत, आमच्या गावात तापाची साथ आली होती. घरटी एक खाट. बहिणीला टायफॉइड झाला, अकरा दिवस ताप उतरला नव्हता. गोंदियाला नेऊन सलाइन लावावं लागलं. मग आरोग्य खात्याची माणसं आली, पाणी तपासलं आणि टाकीत रोज ब्लिचिंग पावडर टाकायला सांगून गेली. तेव्हापासून नळाच्या पाण्याला वास यायला लागला. साथ थांबली. आणि दिवाळी झाली तशी आमच्या आळीतल्या एक-दोन नव्हे, सात-आठ बायकांच्या फणीत मूठमूठ केस यायला लागले.

माझी मांडणी अशी: पावडर आधी आली, केस नंतर गेले. पावडरीने कपड्याचा रंग उडतो, मग केसांचं काय होत असेल? आणि पावडर टाकायला कोणी सांगितलं? सरकारने. माझ्यासारख्या वह्यांवर वाढलेल्या मुलीला आणखी काय हवं होतं?

मी मजकूर लिहिला. वर मोठ्या अक्षरात: "माता-भगिनींनो, तुमचे केस कोण खातंय?" खाली सात सवाल आणि शेवटी, "विषारी पावडर बंद करा!" फुलचूरला एका दुकानात तो छापून घ्यायचा होता. त्याआधी बाबांना वाचायला दिला. बाबांनी चष्मा लावला, दोनदा वाचला.

"हे कोणाला विचारलंस?"

"सगळ्यांना, बाबा. आख्ख्या आळीला."

"म्हणजे कोणाला?"

"ज्यांचे केस गळतात त्या सगळ्यांना."

"ज्यांचे नाही गळत त्यांना?"

"त्यांना कशाला विचारायचं?"

बाबांनी चष्मा काढला. आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर जुळवलेला माणूस, मजकुराशी भांडायची त्यांना सवय नव्हती. "कागद कोणता घेणार?" एवढंच त्यांनी विचारलं. पिवळा, मी म्हटलं. पिवळा लांबून दिसतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक असतं. पत्रक वाटायला याहून चांगली जागा नाही. मी दुपारपासून जिलेबीच्या दुकानाजवळ उभी राहिले. आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे पत्रक मागायला आले. बायकांनी दोन-दोन नेली, एक स्वतःला, एक सासरी. मुलांनी फोटो काढून मोबाइलवर पाठवले. एका पाहुणीने माझ्यासमोर केसांचा झुपका सोडून दाखवला आणि म्हणाली, "तुमीच खरं लिवलं बाई." त्या दिवशी माझ्या पत्रकात कोणी भजी खाल्ली नाहीत.

चौथ्या दिवशी बायका पंचायतीवर गेल्या. पाचव्या दिवशी पावडर बंद झाली. रुग्णवाहिका मागून मला सहा वर्षं झाली होती.

नळवाले काका, म्हणजे टाकीचं काम पाहणारे गृहस्थ, मला रस्त्यात भेटले. भलतेच खुशीत.

"बेस केलं तू, पोरी. बकेट घेऊन रोज वर चढा लागे. गुडघे गेल्ते माये."

"काका, हा लोकांच्या आरोग्याचा प्रश्न होता."

"तेच तं सांगून रायलो. माया गुडघ्याच्या आरोग्याचा."

पावडर बंद झाली. बहिणीचे केस मात्र गळतच राहिले. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. आळीतल्या बायका विचारू लागल्या. मी त्यांना सांगितलं, "आधीची पावडर अंगात मुरलेली आहे. गुण यायला वेळ लागतो." बोलून झाल्यावर मला वाटलं, हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलं आहे. आईने तेलाची दुसरी बाटली आणली तेव्हा आठवलं. पहिली बाटली संपल्यावर तेलवाला आईला हेच म्हणाला होता.

मग आळीत जुलाब सुरू झाले. आधी कोपऱ्यावरच्या घरात, मग काकूकडे, मग आमच्याकडे. बहिणीने सराव पुन्हा नुकता सुरू केला होता. चार दिवस ती खाटेवर पडून होती, मीठ-साखरेचं पाणी पीत. श्रावणात तिचं जेवढं वजन उतरलं होतं, त्यातलं जे भरून आलं होतं तेही गेलं. मैदानाला दीड महिना उरला होता. तिसऱ्या दिवशी ती छताकडे बघत म्हणाली, "ताई, श्रावणातबी असंच सुरू झालं होतं."

मी तिला गप्प केलं. मला ते ऐकायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात केसवाली आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बायका विंचरून निघालेले केस फेकत नाहीत. ते बोटाभोवती गुंडाळायचे, त्यावर थुंकायचं आणि छपराच्या कवेलूंखाली किंवा भिंतीच्या फटीत खोचायचे. कोणाच्या हाती लागले तर करणी करतील, ही भीती. काही महिन्यांनी हेच केस पिशवीत भरून, एका अनोळखी बाईच्या हातात दिले जातात आणि त्या बदल्यात जर्मनचं भगोणं घेतलं जातं. करणी आणि भगोणं यांत आमच्या बायकांनी भगोणं निवडलं आहे आणि तेव्हापासून करणीचं नाव नाही. यावर मी कधीपासून पत्रक लिहीन म्हणत होते.

केसवाली छत्तीसगडच्या बाजूने येते. सायकलच्या मागे भांडी, पुढे थैला. तिने आमच्या अंगणात सायकल लावली, आईने पिशवी दिली. तिने हाताने तोलून पाहिली, एक झुपका बाहेर काढला, उन्हात धरला, केसांची टोकं चिमटीत फिरवली.

"इस गांव में सावन में बुखार आया था का?" तिने आईला विचारलं.

मी दारात उभी होते. "तुम्हे कैसे पता?"

"थैली बता रही है, बेटी. देख." तिने एक केस माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या एका टोकाला पांढरा, खसखशीएवढा ठिपका होता. "ये टूटा नहीं, जड़ से गिरा है. बुखार वाला बाल ऐसाच गिरता. आज बुखार, तीन महीना बाद बाल. जच्चा का भी ऐसाच. बच्चा तीन-चार महीने का हुआ, कि थैली भरी."

"पानी में पावडर डालते थे इसलिए गिरे," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

ती हसली. "केशोरी तरफ एक टोली है, वहां टंकी नहीं, पावडर नहीं. हैंडपंप है. उधर भी बुखार आया था. उधर से तो दो थैले लाई मैं." मग आईकडे वळून, "बाई, डब्बा नहीं दूंगी, भगोना ले."

आईला डबाच हवा होता. त्यांची घासाघीस सुरू झाली. मी तो केस तळहातावर धरून उभी राहिले. ती बाई तीस वर्षं गावोगाव फिरत होती. तिने कोणाची वही वाचली नव्हती. पण केस गळालेल्या घरी ती जात होती आणि न गळालेल्या घरीही. बाबांनी नेमकं हेच विचारलं होतं.

तरीही माझा ताठा एकदम गेला नाही. बहिणीला बरं वाटलं तसं मी तिला गोंदियाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, मनात एवढंच की डॉक्टर पावडरीचं नाव घेतील. डॉक्टर तरुण बाई होत्या, समोर रांग होती. त्यांनी बहिणीचा भांग पाहिला, चार केस हलकेच ओढून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला.

"केस गळायला लागायच्या तीन महिने आधी काय झालं होतं?"

एवढ्या दिवसांत, एवढ्या माणसांत, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. बहिणीने टायफॉइडचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, मोठ्या तापानंतर असं होतं, मुळं जिवंत आहेत, काही महिन्यांत परत येतील. रक्त तपासून घेऊ, कमी असलं तर गोळ्या देते. पोटभर जेव. टोपी घाल, धाव, काही बिघडत नाही. आणि पाणी चांगलं पी, पुन्हा ताप यायला नको.

"मॅडम," मी विचारलं, "टाकीतल्या पावडरीने केस..."

"त्या मापाच्या पावडरीने? नाही हो. कोण सांगतं असलं?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. परत येताना गाडीत फक्त एवढं म्हणाली, "पत्रकाच्या खाली तुझं नाव टाकलं नव्हतं हे बरं. टाकलं असतं तर त्यांनी तुलेच तपासलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी नळवाल्या काकांकडे गेले. ते ओट्यावर गुडघ्याला शेक देत बसले होते.

"काका, पावडर पुन्हा सुरू करा."

"कायले?"

"माझं चुकलं. पावडरीने केस गळत नाहीत. पावडर नाही म्हणून जुलाब लागलेत."

काकांनी खिशातून घडी केलेला पिवळा कागद काढला. जपून ठेवलेला. बोट ठेवून वाचायला लागले, "'सरकारी डॉक्टर म्हणतील काही होत नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका!' हे तूच लिवलं नं?"

"लिहिलं."

"मंग आता तू का सांगून रायली?"

"डॉक्टर म्हणतात काही होत नाही."

काका कितीतरी वेळ हसले. मग कागदाची घडी घालून पुन्हा खिशात ठेवली. "बायांनी बंद कराले लावली, बायाच सांगतीन तं चढीन."

ते वाक्य मी लिहिताना किती खूश होते मला आठवतं. मी चुकले तर मला कोणी दुरुस्त करू शकणार नाही, याची सोय मी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. भोंदू बाबाही हेच करतात. गणिताच्या वहीवर छापलेलं होतं.

मी घरोघर गेले. पण लोकांना आता माझी दोन्ही तोंडं दिसत होती आणि पहिलं जास्त आवडलं होतं. "आता तुले पंचायतीनं पटवलं का?" असं दोघींनी तोंडावर विचारलं. काकू म्हणाली, "पयले म्हणे जहर, आता म्हणे औषध. तू आधी ठरव, मंग ये."

काम केलं ते बहिणीने. तिने समजावणं वगैरे काही केलं नाही. टोपी काढून, विरळ भांग तसाच उघडा ठेवून ती विहिरीवर गेली. जुलाब लागल्यापासून नळाच्या पाण्याचा भरवसा उरला नव्हता, म्हणून आळीतल्या बायका आता तिथून पाणी भरत होत्या. आणि तिने प्रत्येकीला डॉक्टरचा तो एकच प्रश्न विचारला. काकू, तुमचे केस गळायच्या तीन महिने आधी तुमच्या घरी काय झालं होतं?

"बुखार आल्ता. नऊ दिस."

"माया सुनेलेबी आल्ता."

"मले नाई आल्ता बाई, मायी डिलिव्हरी झाल्ती."

असं एकेक. मग तिने विचारलं, "गुरुजीच्या घरी कोणाचे गळले?"

कोणाचेच नाही. आमच्या शेजारचे गुरुजी आणि त्यांची बायको श्रावणात लेकीकडे नागपूरला होते, साथ संपल्यावर परतले. नळ तोच, टाकी तीच, पावडरीचं पाणी दोन महिने ते आमच्यासारखंच प्यायले. गुरुजींची बायको तिथेच होती. तिने कमरेपर्यंतची वेणी पुढे घेतली आणि म्हणाली, "मी त मेथीचं तेल लावतो, म्हून." पण आता तिचं तेल कोणी ऐकत नव्हतं. विहिरीवर बायका एकमेकींच्या वेण्यांकडे बघत होत्या.

मग काकूच म्हणाली, "म्हंजे हे पोट्टी आपल्याले उल्लू बनवून गेली." पोट्टी म्हणजे मी. मी चार पावलांवर बादली धरून उभी होते.

"हाव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बायका पंचायतीवर गेल्या आणि काका टाकीवर चढले. प्रत्येक पायरीवर त्यांनी माझं नाव घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठवडाभरात आळीतले जुलाब थांबले. पावडरीने थांबले, असं मी छातीठोकपणे म्हणणार होते. बाबांनी विचारलं, "बायका पाणी उकळूनही प्यायला लागल्या होत्या नं?" लागल्या होत्या. तर दोन्हींमुळे थांबले असावेत.

मी दुसरं पत्रक काढलं. पांढऱ्या कागदावर, एकही उद्गारचिन्ह न घालता. वर लिहिलं, "माझं आधीचं पत्रक चुकीचं होतं." बाबांनी वाचलं, यावेळी एकदाच, आणि म्हणाले, "हे कोणी दोन-दोन नेणार नाही." खरं होतं. बाजारात मी ते दिवसभर वाटलं. संध्याकाळी भज्यांच्या गाडीवर मला माझी माफी ओळखू आली, तेलाने पारदर्शक झालेली.

माघात मैदान झालं. बहिणीच्या कपाळाच्या कडेने तोवर नवे केस उगवले होते, बोटभर उंचीचे, सरळ उभे, नर्सरीतल्या धानाच्या पऱ्ह्यासारखे. ते कशानेही बसत नव्हते. तेलवाला म्हणतो त्याच्या तेलाने आले, आजी म्हणते चिंचवाली सोडून गेली. टोपी न घालता ती धावली. मैदान निघालं. लेखी परीक्षेचा निकाल यायचा आहे.

गेल्या वर्षीच्या भरतीत ओळख झालेली, तिच्याहून जोरात धावणारी एक मुलगी मात्र त्या दिवशी मैदानावर आली नाही. तिला आठ दिवसांपूर्वी ताप भरला होता, दवाखान्यात होती. तिचं गाव आमच्यापासून दूर आहे. तिथेही मंडईनंतर टाकीतली पावडर बंद झाली होती. माझं पिवळं पत्रक तिथे पोचलं होतं, पांढरं पोचलं नव्हतं. तिचा ताप त्या पाण्यानेच आला की आणखी कशाने, मला माहीत नाही. विचारल्याशिवाय मी आता ठरवत नाही. पण मी त्या गावच्या पंचायतीत गेले तेव्हा भिंतीवर पिवळा कागद चिकटवलेला होता आणि तो काढायला कोणी तयार नव्हतं. "खरं लिहिलं आहे," ते म्हणाले.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. पिवळ्या कागदावर "तुमचे केस कोण खातंय?" असं मोठ्या अक्षरात छापलेलं पत्रक तुमच्याकडे असेल, फळीवर अंथरलेलं, वहीला घातलेलं किंवा मोबाइलमध्ये फोटो म्हणून, तर ते फाडा, फोटो पुसा आणि ज्यांनी पाठवला त्यांनाही पुसायला सांगा. तुमच्या घरात कोणाचे केस गळत असतील तर तिला तेल, टोपी, दव यांतलं काही सुचवण्याआधी केस गळायच्या तीन महिने आधी काय झालं होतं ते विचारा आणि डॉक्टरकडे न्या. आणि आज, हे वाचून झाल्यावर, तुमच्या गावच्या नळवाल्याकडे जा. आज टाकीत पावडर टाकली का, एवढंच विचारा. नाही म्हणाला तर बादली धरायला त्याच्यासोबत वर चढा.